कापडी मास्कला कुठलं कापड घेऊ? जीव गुदमरतो

बिनटाक्याची:
घरीच शिवतेय. पहिला जुन्या बेडशीटचा केला, चांगली जाड आणि घट्ट विणीची होती, म्हटलं तीन पदर घातले की निर्धास्त, तर जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच खाली ओढावा लागला. श्वास घेतला की कापड ओठांना चिकटतं आणि चष्म्यावर सगळी वाफ. आता मलमल घेऊ की टीशर्टचं होजिअरी? एकच पदर चालेल का?

सुईदोरा:
वाफ येतेय म्हणजे श्वास कापडातून जातच नाहीये, नाकाजवळच्या फटीतून वर पळतोय. कापड कोंदट असलं की हवा कडेने वाट काढते, मग तीन पदर असून उपयोग काय! जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये जी रचना सांगितली होती ती मला पटते, आत ओलावा शोषणारं सुती, मधे न विणलेलं पॉलिप्रोपिलीन (कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांचं असतं ते प्लास्टिकच्या तंतूंचं), बाहेर पॉलिस्टर किंवा त्याचं मिक्स. आतलं सुती आधी धुऊन घ्या, नंतर आटतं. आणि त्या मधल्या पदरावर कडक इस्त्री नको, मी फिरवली तर गोळा होऊन इस्त्रीलाच चिकटला, अर्धा तास खरवडत बसले.

चष्मिश:
होजिअरी नको. मोजायला घेतलं तेव्हा ठीक वाटलं, चेहऱ्यावर ताणलं की छिद्रं उघडतात. मलमलही एकेरी फारच विरळ, उजेडासमोर धरून बघा, पलीकडचं दिसतं. मी पॉपलीनचे दोन पदर वापरतो. कापायच्या आधी तेवढे पदर तोंडावर दाबून दहा-बारा श्वास घेऊन बघायचे, जोर लावावा लागला तर कापड बाद. आणि घामाने भिजला की कुठलाही मास्क कोंडतोच, एक जास्तीचा खिशात ठेवा.

बिनटाक्याची:
अरे हो, बेडशीटने तोंडावर धरल्याधरल्याच नापास केलं! पण ओठांना चिकटायचं काय?

सुईदोरा:
ते कापडापेक्षा बेतण्याचं आहे. सपाट चौकोन नको, मधे शिवण घालून थोडा फुगीर करा, तोंडापुढे जागा राहते. नाकावर तार हवीच.

बिनटाक्याची:
तार धुताना गंजली तर?

चष्मिश:
शिवून टाकू नका, वर नेफा ठेवा, काढायची आणि मग धुवायचं. टोकं मात्र वळवून घ्या, माझं नाक सोललंय.