आठवडावार रुग्णनोंदींवरून पुढे लागणाऱ्या खाटांचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न
श्वसनविकाराने दाखल झालेल्या रुग्णांची २०१६ पासूनची आठवडावार नोंद आमच्या रुग्णालयाकडे आहे. तिच्या आधारे पुढील तीन-चार आठवड्यांत किती खाटा आणि किती परिचारिका लागतील, हे मला व्यवस्थापनाला सांगायचे असते. आलेखात शेवटचे दोन आठवडे दर वेळी उतरते दिसतात, त्यामुळे साथ ओसरली असे बैठकीत ठरते आणि पुढच्या बैठकीपर्यंत तेच आकडे वाढलेले असतात. शिवाय २०२० आणि २०२१ ही वर्षे हिशेबात धरावीत का?

पहिले उत्तर
ती उतरण बहुधा आजाराची नसून नोंदीची आहे. रुग्ण दाखल होणे, नमुना प्रयोगशाळेत जाणे आणि अहवाल नोंदवहीत चढणे यांत दिवस जातात, म्हणून ताज्या आठवड्याचा आकडा नेहमीच अपुरा असतो. प्रत्येक आठवड्याचा आकडा प्रथम किती होता आणि एक, दोन, तीन आठवड्यांनी किती झाला, याचे कोष्टक ठेवावे. समजा, पहिल्या फेरीत साधारण ६० टक्केच नोंदी येतात असे त्यातून दिसले, तर आजचे ३० रुग्ण प्रत्यक्षात ५० च्या आसपास आहेत असे धरून चालावे. तोवर आलेखातील शेवटचे दोन बिंदू तुटक रेषेनेच जोडावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. एकूण तपासण्या किती झाल्या हेही शेजारी लिहावे, कारण तपासण्या वाढल्या की आजार न वाढताही रुग्ण वाढलेले दिसतात.

दुसरे उत्तर
२०२० आणि २०२१ नेहमीच्या पातळीच्या हिशेबातून वगळावीत. त्या काळात फ्लू जगभर जवळपास दिसेनासा झाला होता आणि आरएसव्ही या मुख्यतः लहान मुलांना व वृद्धांना गाठणाऱ्या श्वसन-विषाणूची लाट अनेक देशांत हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात आली. उरलेल्या वर्षांची सरासरी नको, मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा. एखाद्या मोठ्या साथीचे वर्ष सरासरीला उगाच वर ओढते. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्फलिंग यांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धतही साथ नसलेल्या आठवड्यांवरूनच हंगामी पातळी आखते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. इंटरनेटवरील शोधांचा कल जोडावा, असेही सुचवले जात आहे.

तिसरे उत्तर
त्यावर विसंबू नये. लोकांच्या गूगल शोधांवरून फ्लूचा अंदाज देणाऱ्या, २००८ मध्ये सुरू झालेल्या गूगल फ्लू ट्रेंड्सने २०१२-१३ च्या हंगामात डॉक्टरांकडे गेलेल्या फ्लूसदृश रुग्णांचे प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट दाखवले होते आणि २०१५ मध्ये ते बंद झाले. त्यापेक्षा रुग्णालयातील मुक्कामाच्या दिवसांकडे लक्ष द्यावे, कारण खाटांचा प्रश्न तिथेच अडतो. रोज ८ रुग्ण दाखल होत असून प्रत्येक जण सरासरी ५ दिवस राहत असेल, तर ४० खाटा भरलेल्या राहतात. वृद्ध रुग्णांमुळे मुक्काम ९ दिवसांवर गेला, तर तेवढ्याच दाखल रुग्णांना ७२ खाटा लागतात. म्हणून वयोगटानुसार मुक्काम वेगळा मोजावा. दाखल होणाऱ्यांची संख्या घटू लागल्यावरही भरलेल्या खाटा काही दिवस वाढत राहू शकतात, तेव्हा जादा परिचारिकांची पाळी लगेच कमी करू नये.