१९७३ची एमजीबी जीटी: कास्टर, कॅम्बर बदलावा का? (बजेट ३०० पौंड)

कव्हेंट्रीकर:
नमस्कार मंडळी. गाडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली आहे. पार्किंग करताना स्टिअरिंग इतकं जड होतं की खांदे भरून येतात. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजतेय. कंपनीचं सेटिंग कास्टर (चाक वळण्याचा अक्ष मागे किती कललाय) ७ अंश, कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय) १ अंश पॉझिटिव्ह, म्हणजे वरची कड बाहेर. कास्टर कमी करायला क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) आणि चासी यांच्यामधल्या पाचरी घ्याव्यात, की निगेटिव्ह कॅम्बरचे लांब खालचे आर्म? ट्रॅकवर नेत नाही, रविवारी पीक डिस्ट्रिक्टची चक्कर एवढंच.

रानवारा:
सरळ कॉइलओव्हर (स्प्रिंगच्या आत नळीचा शॉक) किट टाका. माझे हजाराच्या वर गेले, पण मूळच्या लिव्हर (दांड्यावर चालणाऱ्या) शॉकची कटकट कायमची संपली. एमजीच्याच नंतरच्या आरव्ही८लासुद्धा टेलिस्कोपिकच (नळीचेच) होते.

जुनंलोखंड:
कटकट कसली? त्या शॉकचा हात हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक धरणारा आर्म. तेल वेळेवर भरा, काही होत नाही. माझे अजून मूळचेच आहेत.

रानवारा:
गळायला लागले की बोलू.

स्लाउची अनू:
पाचरी मी बसवल्या होत्या. पार्किंगला हलकं झालं, खरं आहे. पण मोटरवेवर आडवा वारा आला की गाडी भरकटायची. शिवाय स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) क्रॉसमेंबरवरच असतो. तो तिरका झाला की स्टिअरिंग कॉलमच्या (दांड्याच्या) सांध्याचा कोनही बदलतो. विकणाऱ्याने हे सांगितलंच नाही. माझा सांधा वळणावर एका जागी अडकायचा! काढून टाकल्या.

पद्मिनीप्रेमी, पुणे:
स्प्रिंग कापून गाडी खाली मात्र करू नका. मी पद्मिनीची केली होती, मग प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला ओढायचं.

मास्तर:
खाली करायचं कोण म्हणालं? आधी किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खीळ) बघा. दर ३००० मैलांना ग्रीस लागतं, आणि तेही चाक उचलून, वजन उतरवून, नाहीतर ग्रीस आत नीट पसरत नाही. टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत किती वळल्यात) मोजलंत? १/१६ ते ३/३२ इंच हवं. जास्त झालं की बाहेरच्याच कडा जातात. विशबोनचे रबरी बुश चेपलेले असतील तर एमजीबीच्या व्ही८ मॉडेलचे घाला, स्वस्त आहेत. आणि टायर कोणते? जीटीला १६५ मिमी रुंदीचे येत.

जुनंलोखंड:
मास्तरांना +१. ग्रीस, ग्रीस, ग्रीस.

रानवारा:
१८५ असतील तर जडच लागणार. कॉइलओव्हरबरोबर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगही बघा, मी पुढच्या वर्षी घेतोय.

कव्हेंट्रीकर:
टायर १८५/७० आहेत, मागच्याच वर्षी घेतलेत, बदलणार नाही. मास्तर, डावीकडचं एक ग्रीस निपल पूर्ण बंद होतं. नवं लावलं, आतून काळा चिखल निघाला. टो-इन तर जवळजवळ पाव इंच! ते लावून घेतलं. स्टिअरिंग बरंच सुटलंय, तरी अजून जडच आहे. आर्म रद्द. व्ही८ बुश आणि पाचरी मागवल्या. मोटरवेवर मी जवळपास जातच नाही.

स्लाउची अनू:
मग बसवल्यावर चाकं हवेत ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. जरा जरी अडकलं तरी रॅकखाली शिम (पातळ पत्रा) घालून नीट करा, तोवर रस्त्यावर काढू नका.