असईचा शत्रू आणि त्याचा कोपनहेगन

हळदीघाटीजवळच्या, महाराणा प्रतापांच्या चेतक घोड्याच्या समाधीविषयी लिहिताना एका वाचकाने असे म्हटले आहे की, युरोपात अशी दगडी स्मारके केवळ लाडक्या कुत्र्यांच्याच वाट्याला येतात. हे पटत नाही, म्हणून एका घोड्याची माहिती देतो. त्याच्या स्वाराशी आम्हां ग्वाल्हेरकरांचे जुने वैर आहे. ज्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ग्वाल्हेरचा ‘लष्कर’ हा आमचा शहरभाग वसला, त्यांच्या फौजेशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा तो स्वार.

१८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर कोपनहेगन नावाच्या तांबूस घोड्याने त्याला दिवसभर पाठीवर वागवले. रात्री खाली उतरून त्याने कौतुकाने थोपटताच घोड्याने अशी लाथ झाडली की ड्यूक थोडक्यात बचावला! हॅम्पशायरमधील स्ट्रॅटफील्ड से येथील ड्यूकच्या जहागिरीत या घोड्याने निवृत्तीचे दिवस काढले आणि १८३६ साली तो वारल्यावर त्याला लष्करी इतमामाने पुरण्यात आले. त्या वेळी कोणीतरी त्याचा एक खूर कापून नेल्याचे लक्षात येऊन ड्यूक संतापला होता, आणि तो संताप मला अगदी रास्त वाटतो.

आज तेथे दिसणारी शिळा मात्र त्याच्या मुलाने, दुसऱ्या ड्यूकने, बसवली. तीवर माणसाप्रमाणेच जन्म-मृत्यूची वर्षे आहेत, आणि वॉटर्लूच्या लढाईत ड्यूकने संपूर्ण दिवस याच घोड्यावरून काढला, हेही स्पष्ट कोरलेले आहे.