ऐन थंडीत पाच आठवड्यांची पिल्ले बाहेरच्या खुराड्यात हलवावीत का?

मळ्यातील वस्ती:
आमची वस्ती निफाड तालुक्यात असून परसात पाळण्यासाठी आणलेली गिरिराज जातीच्या कोंबड्यांची साठ पिल्ले आता पाच आठवड्यांची झाली आहेत. पडवीत पत्र्याचे गोल कडे करून त्यात बल्बखाली ती वाढवली. परंतु आता ती त्यात मावेनाशी झाली आहेत. खाली पसरलेले तूस दोन दिवसांत ओले होते आणि सकाळी दार उघडताच डोळ्यांना झोंबेल असा वास येतो. विहिरीजवळ जाळीचे खुराडे तयार आहे, पण सध्या रात्रीचा पारा आठ-नऊ अंशांवर उतरत आहे आणि शेजारच्या द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या आहेत. पिल्ले देणाऱ्याने पाच आठवडे झाले की खुशाल सोडा असे सांगितले होते, तर घरातील वडीलधारी मंडळी संक्रांतीपर्यंत हलवू नका म्हणतात. खुराड्यात बल्ब लावता येईल, मात्र रात्री विजेचा भरवसा नाही. अशा स्थितीत काय करावे?

परसबाग:
दिवसा बाहेर सोडणे आणि रात्री बाहेर ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी चांगले ऊन असते, त्यामुळे दव पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारण दहाच्या सुमारास, पिल्ले सोडून उन्हे कलण्यापूर्वी आत घेण्यास आजपासूनच हरकत नाही. रात्रीचा हिशेब निराळा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत नेली, तर सहाव्या आठवड्याच्या आसपास ती २१ अंशांवर येते. आपली पिल्ले आज बल्बखाली तेवीस-चोवीस अंशांत झोपत असतील आणि उद्या त्यांना आठ अंशांत ठेवले, तर एका रात्रीत पंधरा अंशांचा फरक त्यांच्या अंगावर पडेल.

वयापेक्षा पिसारा पाहावा. एक पिल्लू हातात घेऊन पंख उचला आणि पंखाखाली, पाठीवर व शेपटीच्या मुळाशी बोट फिरवा; तेथे मऊ लव लागली तर थांबा, आणि पूर्ण पिसे लागली तर बल्ब कमी करण्यास सुरुवात करा. नरांना पिसे अनेकदा उशिरा येतात, म्हणून तपासताना तुरा लाल होऊ लागलेली दोन-चार पिल्लेही अवश्य घ्यावीत. बल्ब आधी दिवसा, मग संध्याकाळी आणि शेवटी पहाटे बंद करावा. हे सगळे पडवीतच करा. पिल्ले बल्बविना पसरून झोपू लागली की खुराड्यात न्यावीत.

जाळी आणि पडदा:
वरील सल्ला योग्य आहे. मला अधिक काळजी वाटते ती आपण सांगितलेल्या वासाची. तो अमोनियाचा वास आहे, आणि थंडीच्या भीतीने पडवी चहूबाजूंनी बंद केल्यामुळे तो साचत आहे. थंडीत पिल्ले दगावतात त्याला अनेकदा गारठ्याइतकीच कोंडलेली, दमट हवा कारणीभूत असते, कारण अमोनियाने श्वसनमार्ग दुखावतो आणि सर्दी-घरघर सुरू होते. ओल्या तुसात रक्ती हगवणही झपाट्याने पसरते. म्हणूनच संक्रांतीपर्यंत वाट पाहण्याचा सल्ला मला पटत नाही. तोवर दाटीमुळे पिल्ले एकमेकांना चोचाही मारू लागतील.

खुराड्याला गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा पडदा लावताना तो खालून घट्ट बांधावा आणि वर छताखाली वीतभर फट मोकळी ठेवावी, म्हणजे वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही आणि दमट हवा मात्र निघून जाते. अनेकजण नेमके उलटे करतात, पडदा वरून सोडतात आणि खाली फट राहते. जमिनीवर तीन-चार इंच कोरडे तूस हवे. खुराडे विहिरीजवळ आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा तेथे ओल वर येत असेल तर विटांवर फळ्या टाकून जमीन आधी उंच करून घ्यावी.

विजेबद्दल थोडे अधिक लिहितो. जी पिल्ले रोज रात्रभर उजेडात झोपतात, ती अचानक अंधार झाला की घाबरून एका कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. त्यामुळे ज्या खुराड्यात वीज जाणार हे ठाऊक आहे, तेथे बल्बच्या भरवशावर पिल्ले ठेवणे हे बल्ब न लावण्यापेक्षा धोक्याचे ठरते. अंधाराची सवय पडवीतच लावा आणि खुराड्याचे चारही कोपरे पत्रा किंवा पुठ्ठा वाकवून गोल करा.

डालगे:
एक शंका विचारतो. आमच्याकडे गावठी कोंबडी दहा-पंधरा दिवसांची पिल्ले घेऊन भर थंडीत उकिरड्यावर फिरते आणि त्यांना काही होत नाही. मग ही एवढी काळजी कशासाठी?

परसबाग:
ती पिल्ले दर थोड्या वेळाने आईच्या पंखाखाली शिरून ऊब घेतात आणि रात्र तर पूर्णपणे तिच्याखालीच काढतात. विकत आणलेल्या पिल्लांना ती सोय नाही, आणि पाच आठवड्यांची साठ पिल्ले कोणतीही खुडूक कोंबडी आता जवळ करणार नाही.

मळ्यातील वस्ती:
सर्वांचे आभार. आज तपासले असता बहुतेकांना पूर्ण पिसे आली आहेत, परंतु सात-आठ नरांच्या पाठीवर अजून लव आहे. त्यांना वेगळे ठेवावे का? आमच्याकडे चार जुन्या कोंबड्याही आहेत.

जाळी आणि पडदा:
वेगळे ठेवू नका. थोडी पिल्ले एकटी पडली की त्यांना एकमेकांची ऊब कमी मिळते. त्या नरांसाठी सगळाच कळप आठवडाभर उशिरा हलवावा. जुन्या कोंबड्यांबरोबर मात्र एवढ्यात एकत्र करू नये, कारण त्या पिल्लांना खाद्यावरून हुसकावतात आणि त्यांच्या अंगातील रोग पिल्लांना लागू शकतात. मधे जाळी ठेवावी. मानमोडी आणि देवी या कोंबड्यांच्या रोगांवरील लसी राहिल्या असतील तर हलवण्याच्या दिवशीच टोचून दुहेरी ताण देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्या आधी उरकून घ्याव्यात. संध्याकाळी आत घेताना पोटभर खाद्य द्यावे, आणि सकाळचे पाणी टाकीतले बर्फगार न देता विहिरीतून नुकतेच उपसलेले द्यावे, ते कोमट असते.