प्रति: माळ घातली की दारू सुटते?

वर म्हटलंय, माळकऱ्यांत दारुडा सापडत नाही, म्हणजे अध्यात्मानं व्यसन सुटतं. भावा, गोम इथंच आहे. ज्याचं सोडायचं आधीच पक्कं झालंय तोच माळ घालतो. पुन्हा प्यायला लागला की माळ खुंटीला. आपल्याकडं म्हाईच्या, म्हणजे जत्रेतल्या मटणाच्या जेवणाच्या, पंगतीत माळेमुळं तांबडा रस्सा नको म्हणणारे मोजाल, पण माळ उतरवून वाटी पुढं करणारे मोजाल काय?

दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या देवावर भार टाकायला सांगणाऱ्या बारा पायऱ्या मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडूनही तपासल्यात. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास, माणसं दहा हजारांवर. पूर्ण दारू सुटण्यात त्या इतर उपचारांपेक्षा सरस निघाल्या. त्यात देवाचा वाटा किती नि सोबत्यांचा किती, हे वेगळं काढणं अवघड. माझा कौल सोबत्यांना.