पौलाचा खटला : फेलिक्सने दोन वर्षे का लावली?

काही जण म्हणतात की रोमन अधिकारी पहिल्यापासून ख्रिस्ती प्रेषितांच्या जिवावर उठले होते. सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू करण्याआधीच्या काळाबद्दल हे पटत नाही. ग्रीसमधल्या करिंथमध्ये ख्रिस्ती प्रेषित पौलाविरुद्ध यहुद्यांची तक्रार आली तेव्हा रोमन सुभेदार गल्लियोने (तत्त्वज्ञ सेनेकाचा हा भाऊ) 'हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद, तुम्हीच बघा' म्हणून ती ऐकूनही घेतली नाही. डेल्फीच्या शिलालेखात त्याचं नाव असल्यामुळे हा प्रसंग इ.स. ५१-५२च्या सुमाराचा धरतात.

यरुशलेमेतली अटक जास्त रंजक आहे. फटके मारायला बांधलेला पौल शांतपणे विचारतो, रोमन नागरिकाला दोषी ठरवल्याशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? रोमन सरदार लुसिया घाबरला. त्याने स्वतः भरपूर पैसे मोजून नागरिकत्व मिळवलं होतं, पौल जन्मानेच नागरिक! मग रातोरात पायदळ-घोडदळाच्या बंदोबस्तात कैसरियाला, म्हणजे रोमन सुभेदाराच्या ठाण्याला, रवानगी.

तिथे सुभेदार फेलिक्सने दोन वर्षे निकालच दिला नाही. लाच मिळेल या आशेने तो कैद्याला वरचेवर बोलावून गप्पा मारायचा, असं बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सरळ सांगतं. (तारीख पे तारीख तेव्हाही होतीच.) पुढचा सुभेदार फेस्त म्हणाला, यरुशलेमेत खटला चालवू, पण पौलाने थेट कैसराकडे (रोमन सम्राटाकडे) दाद मागितली. नंतर अग्रिप्पा राजा फेस्ताला म्हणाला, दाद मागितली नसती तर याला सोडता आलं असतं. पण यरुशलेमच्या वाटेवर पौलाला दबा धरून मारायचा त्याच्या विरोधकांचा बेत होता, हे लक्षात घेतलं तर पौलाचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.