एल निनो सांगितला होता, मग 2019 ला महापूर कसा आला?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीकडचा, ऊस आणि थोडं सोयाबीन करतो. दरवर्षी एप्रिल-मे आला की बातम्या सुरू, एल निनो येतोय, पाऊस कमी पडणार. 2019 लाही तेच ऐकलं, जूनमध्ये देशभरात 33 टक्के पाऊस कमी पडला तेव्हा तर खरंच वर्ष गेलं असं वाटलं, आणि ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर! धोक्याची पातळी 45 फूट आहे तिथं. पॅसिफिकमधलं पाणी तापल्याचा कोयनेच्या पाणलोटाशी नेमका संबंध काय? पाणी कुठून निघतं, कसं येतं, तिथपासून सांगा कुणीतरी.

पश्चिमवारा
दादा, तिथूनच घेऊ. आपल्या पावसाची वाफ बरीचशी विषुववृत्ताच्या खालून निघते. दक्षिण हिंदी महासागरातले व्यापारी वारे मादागास्करच्या बाजूने येतात, विषुववृत्त ओलांडतात, केनिया-सोमालियाच्या डोंगरांच्या कडेकडेने वळतात आणि अरबी समुद्रावरून वाफ उचलत सरळ आपल्यावर येतात. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो, याला सोमाली जेट म्हणतात. सह्याद्रीने ही हवा वर ढकलली की कोयना, महाबळेश्वर, राधानगरी भिजतात.

आता एल निनो. पॅसिफिकचा मधला आणि पूर्वेकडचा भाग तापला की हवा वर चढायची जागा तिकडे सरकते, मग इंडोनेशियापासून आपल्यापर्यंत हवा खाली बसायला लागते, ढग वाढत नाहीत आणि जेटही ढिला पडतो. 2009 ला असंच झालं, देशात सरासरीच्या 78 टक्केच पाऊस. पण 1997 चा एल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात जोरदारांपैकी, आणि तरी पाऊस 102 टक्के! कारण त्या वर्षी हिंदी महासागराचं स्वतःचं चक्र आपल्या बाजूने होतं, इंडियन ओशन डायपोल, म्हणजे आयओडी. साजी, यामागाता वगैरे शास्त्रज्ञांनी ते 1999 ला नीट मांडलं. पॉझिटिव्ह आयओडीत सुमात्रा-जावाजवळचं पाणी गार होतं आणि आफ्रिकेकडचं गरम, त्यामुळे विषुववृत्तावर वारे उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला लागतात आणि वाफ पश्चिमेला गोळा होते. 2019 ला एल निनो मुळात कमजोर होता, पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तो ओसरला, आणि आयओडी मात्र नोंदींमधल्या सगळ्यात जोरदारांपैकी एक. सप्टेंबरमध्ये देशात सरासरीच्या दीडपट पाऊस पडला, हंगाम 110 टक्क्यांवर संपला.

द्राक्षबाग_निफाड
त्या वर्षीचं परतीचं तर विचारूच नका. मान्सून परतायला लागला तेच 9 ऑक्टोबरला, इतका उशीर आधी कधी नोंदलाच नव्हता, आणि मागोमाग अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी दोन चक्रीवादळं एकाच वेळी. आमच्या द्राक्षांच्या गोडी छाटण्या (फळ धरण्यासाठीची छाटणी) झालेल्या, घड कोवळे, त्यात रोज पाऊस, डावणी नावाचा बुरशीसारखा रोग आणि घडकुजीने अख्ख्या बागा गेल्या. तेव्हाच केनिया-सोमालियात पूर होते आणि ऑस्ट्रेलियात वणवे पेटलेले. एकाच समुद्राच्या दोन टोकांना हे चाललं होतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान निम्म्या बागेची छाटणी पुढे ढकलता आली असती.

घाटमाथा
पश्चिमवारा यांचं बरोबर आहे, पण ऑगस्टचा महापूर सरळ आयओडीच्या नावावर टाकायला माझा विरोध आहे. आयओडीचा कळस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होता, त्यामुळे निफाडकरांच्या नुकसानाशी त्याचा संबंध मला जास्त जवळचा वाटतो. ऑगस्टमध्ये काय झालं तर 6-7 तारखेला ओडिशाच्या किनाऱ्याजवळ डिप्रेशन, म्हणजे तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आलं, त्याने पश्चिमेचे वारे आणखी जोरात ओढले आणि घाटावर दिवसेंदिवस पाऊस थांबला नाही. समुद्राचं चक्र म्हणजे रस्त्याचा उतार, गाडी कुठल्या दिवशी कुठे धडकणार हे उतारावरून कळत नाही. 26 जुलै 2005 बघा, सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही, एकाच शहरात! ना मोठा एल निनो ना त्याच्या उलटी, पॅसिफिक गार होण्याची ला निना.

आणि या चक्रांच्या खाली समुद्रच तापतोय, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. हवा एक अंश तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 ला दाखवलं की 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांची वाढलेली चढउतार आहे. एकूण मान्सूनचा पाऊस मात्र त्या भागात कमी होत होता. म्हणजे कोरडे दिवसही वाढतात आणि ढगफुटीसारखे दिवसही, तेही एकाच हंगामात.

कृष्णाकाठ
हे पटलं. पण मग मी बघू काय? एप्रिलचा अंदाज बघायचा की नाही?

पश्चिमवारा
बघायचा, पण तो चार महिन्यांच्या देशाच्या बेरजेचा असतो, तुमच्या तालुक्याचा नाही. मधल्या काळासाठी एमजेओवर लक्ष ठेवा, म्हणजे विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा मोठा पट्टा, 30 ते 60 दिवसांत फेरी मारतो. तो हिंदी महासागरावर आला की आपल्याकडे पाऊस धरतो, पुढे पॅसिफिकवर गेला की उघडीप. 2023 ला ऑगस्टमध्ये एल निनो आणि एमजेओ दोन्ही विरोधात गेले, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबरला पाऊस परत आला. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं, त्यात हे सगळं धरलेलं असतं. सोयाबीनची पेरणी, फवारणी त्यावर ठरवा. आणि नदीकाठच्या उसासाठी जुलैच्या शेवटापासून बंगालच्या उपसागरात कमी दाब कुठे तयार होतोय ते रोज बघा, कोयनेतून किती क्युसेक सोडतायत त्याच्यासोबत.

घाटमाथा
वारणेचा विसर्गही धरा त्यात. सांगलीच्या थोडं खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिला फुगवटा आला की वरचं पाणी उतरायला वेळ लागतो.